संग्रहालयाच्या निधीसाठी कागदकाम देतेय, लिलावात जाणार आहे, आधी काय काय विचारून घेऊ?

कात्रीवाली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर हलवा.

मी पेपर कटिंग करते. म्हणजे हातकागदावर चित्र काढून ते ब्लेडने कोरायचं, मग असे चार-पाच थर मध्ये थोडी थोडी जागा सोडून एकावर एक लावायचे आणि बॉक्स फ्रेममध्ये बसवायचे, की आतून सावल्या पडतात आणि ते खोल दिसतं. नोकरी सांभाळून करते त्यामुळे वर्षाकाठी मोजकीच होतात. थोडीफार विकली गेलीयेत पण ती ओळखीपाळखीतच, त्यामुळे मला बाजार वगैरे काही कळत नाही हे आधीच सांगते.

तर आमच्या भागात एक छोटं खासगी संग्रहालय आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांचं छप्पर गळतंय आणि मागे वस्तू ठेवायला धड खोली नाहीये, म्हणून ते निधी जमवतायत. त्यासाठी एक संध्याकाळ ठेवलीय, थोडं गाणं, जेवण, आणि इथल्या कलाकारांनी दिलेल्या वस्तूंचा लिलाव. मला त्यांच्याकडच्या एका ताईंचा फोन आला, फार प्रेमाने बोलल्या, म्हणाल्या तुमचा विश्रामबागवाडा द्या. हा माझा सगळ्यात मोठा तुकडा आहे, अठरा बाय चोवीस इंच, पुण्याच्या त्या वाड्याचा दर्शनी भाग, ते सुरूच्या झाडासारखे कोरीव खांब आणि वरचा सज्जा सगळं कागदात. ते खांब कोरताना डोळ्यांतून पाणी आलं होतं.

द्यायला माझी ना नाही, लहानपणापासून त्या संग्रहालयात जातेय. पण फोन ठेवल्यावर डोक्यात प्रश्न सुरू झाले. लिलावात गेलं म्हणजे ते संग्रहालयात राहणार नाही ना? घरी सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्यात की सुनेचं काम म्युझियममध्ये लागणार! किंमत मी सांगायची की ते ठरवणार? टॅक्समध्ये काही सूट मिळते का? फ्रेम मी करून द्यायची का, कारण बॉक्स फ्रेमच केवढ्याला पडते हल्ली. आणि उद्या त्यांनी याचं कॅलेंडर छापलं तर माझं नाव येईल का? हे सगळं विचारलं तर आगाऊपणा वाटेल का त्यांना?

---

फुकट_नाही

अजिबात देऊ नका. झालं माझं उत्तर.

---

बोरू

ताई, आगाऊपणा बिलकुल वाटणार नाही, आणि वाटला तर तो त्यांचा प्रश्न. मी एका संग्रहालयात बरीच वर्षं नोंदणीचं काम केलंय (आता निवृत्त), म्हणून टेबलाच्या त्या बाजूने सांगतो.

संग्रहालयाला वस्तू देणं आणि संग्रहालयाच्या लिलावाला वस्तू देणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि नव्वद टक्के घोळ इथेच होतो. संग्रहात वस्तू घ्यायची तर एक समिती बसते, ही वस्तू आपल्या संग्रहात बसते का, असलीच दुसरी आपल्याकडे आहे का, सांभाळता येईल का हे बघते, मग दानपत्र होतं, वस्तूला अ‍ॅक्सेशन नंबर म्हणजे नोंदणी क्रमांक पडतो, रजिस्टरला चढते, आणि त्यानंतर ती विकायची म्हटली तर सहजासहजी विकता येत नाही. लिलावाची वस्तू रजिस्टरपर्यंत जातच नाही. ती त्या रात्रीपुरती त्यांच्या ताब्यात असते, सगळ्यात जास्त बोली लावणारा घेऊन जातो, संग्रहालयाकडे पैसे राहतात आणि बहुधा एक फोटो. तेव्हा सासूबाईंना आत्ताच हळूच सांगा.

आणि संग्रहात घेतलं असतं तरी ते भिंतीवर लागलंच असतं असं नाही हं. कुठल्याही संग्रहालयात मांडलेल्यापेक्षा कपाटात असलेल्या वस्तू कितीतरी जास्त असतात, त्यात कागद तर फार काळ उजेडात ठेवतच नाहीत.

बाकी लोक संग्रहालयांना देतात यात मला नेहमीच कौतुक वाटत आलंय. पुण्याचं केळकर संग्रहालय घ्या, दिनकर केळकर म्हणजे कवी अज्ञातवासी, मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने त्यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, दारं, वाद्यं गोळा केली आणि शेवटी तो सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. पैठणची चित्रकथीची चित्रं आहेत तिथे, कागदावरची, बघितली नसतील तर बघून या, तुमच्या कामाच्या माणसाला आवडतील. पण तिथे दिलेली वस्तू कुठे जाते हे देणाऱ्याला माहीत असतं. तुमच्या बाबतीत ते तुम्हाला फोनवर कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. एक साधं पत्र मागा. वस्तू कशासाठी दिली, विकली न गेली तर काय, कमीत कमी किती बोलीला सोडायची, एवढं त्यात असलं तरी पुष्कळ.

---

फुकट_नाही

माझं एका ओळीचं उत्तर बघून एकदोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केले की फार कडू लिहितोस, तर जरा सविस्तर लिहितो.

मी चित्रं काढून पोट भरतो. या असल्या संध्याकाळींना मंडपवाल्याला पैसे मिळतात, केटररला मिळतात, साउंडवाल्याला मिळतात, गाणाऱ्यांना निदान मानधन म्हणून पाकीट मिळतं, आणि चित्रकाराला काय तर 'एक्सपोजर'. केटररला कोणी म्हणतं का की शंभर पानं फुकट वाढा, तुमची जाहिरात होईल? ज्यांच्याकडे द्यायला पैसे आहेत ते लोक त्या रात्री तुमचं काम स्वस्तात घेऊन जातात आणि वर दान केल्याचं समाधान. हे स्वस्तात जाणं जास्त घातक आहे बरं का. तुमचं काम समजा मेहनतीच्या हिशेबाने पंधरा हजारांचं आहे आणि तिथे दोनच लोकांनी हात वर केले आणि चार हजारांना गेलं, तर दुसऱ्या दिवसापासून तुमची किंमत चार हजार. ज्यांनी तुमच्याकडून आधी दहाला घेतलंय त्यांनाही ते कळतं, गाव लहान असतं.

द्यायचंच असेल तर मग अर्ध्यावर द्या. अर्धे तुम्हाला, अर्धे संग्रहालयाला. बऱ्याच ठिकाणी मान्य करतात, विचारलं तर. कोणी विचारतच नाही ही खरी गोम आहे.

---

पेठकर

फुकट_नाही, मुद्दा पटतो पण सगळ्यांना एकाच मापाने नको मोजायला. बडी बडी कॉर्पोरेट मंडळी मागतात ते वेगळं आणि गळकं छप्पर असलेलं गावचं संग्रहालय वेगळं. या ताई नोकरी करून हौसेने करतायत, त्यांना त्या जागेचं प्रेम आहे. द्यावंसं वाटणं ही काही फसवणूक नाही.

---

फुकट_नाही

हौसेने करणारे फुकट देतात म्हणूनच पोटासाठी करणाऱ्याला फुकट मागतात. असो, मी वाद वाढवत नाही.

---

सीए_काका

टॅक्सचं कोणी बोललं नाही म्हणून मी. थोडक्यात सांगायचं तर सूट शून्य.

आयकरातल्या ८०जी कलमात वजावट मिळते ती पैशाच्या रूपात दिलेल्या देणगीला. वस्तू, कपडे, धान्य, चित्र, तुमची मेहनत यातलं काहीही दिलं तरी त्याला वजावट नाही, संस्थेकडे ८०जी ची नोंदणी असली तरी नाही. पैसेसुद्धा रोख दिले तर २,००० रुपयांपर्यंतच चालतात, त्यावर चेक किंवा ऑनलाइन. आणि हे सगळं जुन्या टॅक्स रेजीममध्ये. नव्या रेजीममध्ये असाल, आणि पगारदार लोक आता बहुतेक तिथेच आहेत, तर ८०जी विसरा.

आता काही जण सुचवतील की काम आधी विका आणि आलेले पैसे देणगी द्या. करता येतं. पण विक्रीचं उत्पन्न तुमच्या नावावर येणार, त्यावर कर, आणि बहुतेक संस्थांच्या देणगीला वजावट मिळते ती निम्म्या रकमेची, तीही ठरावीक मर्यादेत. म्हणजे एवढा द्राविडी प्राणायाम करून हाताला काही फार लागत नाही. ब्लेड, कागद, फ्रेम यांची बिलं मात्र ठेवा, विक्रीतला खर्च म्हणून उपयोगी पडतात.

विकत घेणाऱ्याबद्दल पण सांगतो कारण लिलावाच्या वेळी माइकवरून हमखास घोषणा होते की बोली लावा आणि ८०जी ची पावती घ्या. त्याने पैशाच्या बदल्यात वस्तू घेतलीय, ती देणगी नव्हे. तुमच्या त्या ताईंना हे त्यांच्या ऑडिटरला विचारून ठेवायला सांगा, नंतर निस्तरत बसावं लागतं.

---

न्यू_जर्सीकर

सीए काकांच्या प्रतिसादाला पुस्ती. इकडे अमेरिकेत लोकांना वाटतं की कलाकाराने चित्र दान केलं की त्याला चित्राच्या पूर्ण किमतीची सूट. तसं नाहीये. कलाकाराने स्वतःचं काम दिलं तर त्याला फक्त सामानाच्या खर्चाची वजावट, म्हणजे कागद, रंग, डिंक. १९६९ च्या टॅक्स कायद्यापासून असंच आहे, आणि तेच चित्र कोणा संग्राहकाने विकत घेऊन काही वर्षांनी संग्रहालयाला त्यांच्या संग्रहासाठी दिलं तर त्याला बाजारभावाने सूट मिळू शकते. कलाकार लोक इतकी वर्षं बोंबलतायत, फरक पडलेला नाही. घेणाऱ्याचं मात्र इथे स्पष्ट आहे, वस्तूच्या रास्त किमतीपेक्षा जेवढे जास्त मोजले तेवढीच देणगी, आणि रक्कम ७५ डॉलरच्या वर असेल तर संस्थेने तसं लेखी सांगायचं.

कागदाचा विषय निघालाय म्हणून अवांतर. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात दर वर्षी सुट्ट्यांच्या दिवसांत एक मोठं झाड उभं करतात, त्याच्यावर सगळे ओरिगामीचे प्राणी, शेकड्यांनी. डायनॉसोर, व्हेल, मुंग्या, काय वाट्टेल ते. हे सुरू झालं १९७० च्या दशकात, तिथल्याच कीटक विभागातल्या अ‍ॅलिस ग्रे बाईंमुळे, त्यांना कागद दुमडायचं वेड होतं. आता ओरिगामी यूएसए नावाची संस्था ते करते आणि स्वयंसेवक महिनोनमहिने घड्या घालत असतात. तिथे कोणाचं नाव एकेका प्राण्याखाली नसतं आणि त्याचं कोणाला वाईटही वाटत नाही, कारण काय होणार ते सगळ्यांना आधीपासून माहीत असतं.

ताई, एक विचारू का, डिझाइन पूर्ण तुमचं आहे ना? म्हणजे पिंटरेस्टवरून नमुना घेतलेला नाही ना? इकडे रॉबर्ट लँग आणि आणखी काही ओरिगामी कलाकारांनी २०११ मध्ये एका नामवंत चित्रकर्तीवर दावा लावला होता, तिने त्यांच्या घड्यांचे आराखडे घेऊन मोठाली पेंटिंग केली म्हणून. २०१३ मध्ये तडजोड झाली, आता चित्रांसोबत मूळ आराखडा कोणाचा हे लिहावं लागतं. घरी लावायला काहीही करा, विक्रीला ठेवलं की हे प्रश्न येतात.

आणि मी इथून बोली लावू शकतो का? विश्रामबागवाडा म्हणजे आमच्या शाळेच्या रस्त्यावरचा.

---

कात्रीवाली

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार!

डिझाइन माझंच आहे, वाड्यासमोर उभी राहून फोटो काढलेत आणि स्केचेस केलीत. सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या मग लिलावात आपणच घेऊ! (घेतील पण, भरवसा नाही.)

सीए काका, सूट नाही हे वाचून उलट बरं वाटलं, एक प्रश्न कमी झाला. पण कॉपीराइटचं राहिलंच की. आणि कागदाबद्दल पण कोणीतरी सांगा ना, दहा वर्षांनी पिवळा पडला तर घेणारा मला शिव्या घालेल.

---

सीए_काका

न्यू जर्सीकर, तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर प्रश्न नाही. अमेरिकन नागरिक होऊन ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड घेतलं असेल तर तुम्ही कायद्याने परदेशी स्रोत, तुमच्याकडून देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि ते पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. लहान संस्थांकडे हे सहसा नसतं. सरळ कात्रीवाली ताईंकडून दुसरं एखादं काम विकत घ्या, ती साधी खरेदी झाली.

---

न्यू_जर्सीकर

पासपोर्ट निळाच आहे, पण आपला नाही तो दुसरा निळा. ताई, व्यनि करतो.

---

कसर_नावाचा_किडा

आयडीवरून कळलंच असेल, मी कागदाच्या जतनाचं काम करते. जुनी कागदपत्रं, नकाशे, पोथ्या. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी कागद. हातकागद म्हणजे टिकाऊच असं नसतं. सुती चिंध्यांचा, होजिअरीच्या कातरणांचा लगदा असेल तर धागा उत्तम असतो, वर्तमानपत्रासारखा पिवळा पडत नाही, कारण पिवळं करणारं लिग्निन त्यात जवळपास नसतंच. पण शाई फुटू नये म्हणून कागदाला जे सायझिंग करतात ते तुरटी आणि राळेचं असेल तर कागद आम्लधर्मी होतो आणि हळूहळू ठिसूळ होत जातो. त्यामुळे घेताना सायझिंग कसलं आहे ते विचारा. पीएच तपासायचं पेन मिळतं, कातरणावर एक रेघ ओढायची, जांभळी उमटली तर ठीक, पिवळी राहिली तर आम्ल. कातरणावरच हं, चित्रावर नको, डाग जात नाही. रंगीत हातकागद असेल तर आणखी जपून, त्यातले बरेच रंग उन्हात उडतात, लाल आणि जांभळा तर पहिले. एक तुकडा अर्धा झाकून महिनाभर खिडकीत ठेवा, कळेलच.

मग चिकटवणं. बाजारातला पांढरा गोंद सोयीचा असतो हे मला मान्य आहे पण तो एकदा वाळला की निघत नाही आणि वर्षांनी पिवळा, कडक होऊ शकतो. आम्ही गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतो, पाण्याने परत सुटते. हे आपल्याकडे नवीन नाही, सावंतवाडीच्या गंजिफा करताना चिंचोक्याची खळच वापरायचे. फक्त खळीला झुरळं आणि कसर येते, म्हणून पातळ लावायची आणि पूर्ण वाळल्याशिवाय फ्रेम बंद करायची नाही. पावसाळ्यात फ्रेम करूच नका. आतली दमट हवा आतच कोंडते आणि दोन महिन्यांत काचेच्या आतून बुरशीचे ठिपके.

आता फ्रेम, कारण कागदाची वाट बहुतेक वेळा फ्रेमवाल्याकडे लागते. मागे एमडीएफ लावू देऊ नका, आम्लाची वाफ सोडत राहतं. आम्लरहित माउंट बोर्ड आणि त्याच्या मागे सनपॅकची (पोकळ प्लॅस्टिकची) शीट चालेल. सेलोटेप कुठेही नको, चिकटपट्टी दिसली की हात धरा त्याचा. चित्र बोर्डाला पूर्ण चिकटवायचं नाही, वरच्या बाजूला जपानी टिश्यूच्या दोन बिजागऱ्या करून टांगायचं, म्हणजे हवेप्रमाणे कागद आकसला फुगला तरी सुरकुत्या येत नाहीत. तुमचे थर आहेत त्यामुळे काच आणि सगळ्यात वरचा थर यांच्यात स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी पट्टी, हवाच.

काच की अ‍ॅक्रिलिक हे तुमच्या कामासाठी महत्त्वाचं आहे. लोक म्हणतील अ‍ॅक्रिलिक घ्या, हलकं, फुटत नाही, यूव्ही अडवणारं पण मिळतं. सगळं खरं. पण अ‍ॅक्रिलिक पुसलं की त्यावर स्थिर वीज येते आणि कोरलेल्या कागदाचे बारीक सुटे भाग वर खेचले जातात. तुमच्या सज्जाच्या नक्षीतलं एखादं पान त्याला आतून जाऊन चिकटलेलं दिसेल. नाजूक काम असेल तर काचच बरी, नेताना काचेवर मास्किंग टेपची जाळी मारा म्हणजे फुटली तरी तुकडे आत पडत नाहीत.

घेणाऱ्यासाठी एक छोटी चिठ्ठी फ्रेमच्या मागे लावा. थेट ऊन नको, बाहेरच्या भिंतीवर पावसाळ्यात नको, देवघराजवळ नको (उदबत्तीचा धूर). डांबरगोळ्या आत टाकू नका. संग्रहालयात कागदासाठी ५० लक्स उजेड ठेवतात, म्हणजे अगदी मंद, आणि तरीही काही महिन्यांनी वस्तू काढून आत ठेवतात, कारण उजेडाने झालेलं नुकसान साचत जातं, भरून येत नाही. घरी तेवढं कोणी करणार नाही, पण निदान फोकसचा दिवा तरी चित्रावर रोखू नका म्हणावं.

---

पेठकर

वा, हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा.

ताई, कागद हातकागद संस्थेचा आहे का, शिवाजीनगरच्या? असेल तर लेबलवर लिहा की. लिलावात लोक वस्तूइतकीच गोष्ट विकत घेतात. गांधीजींनी १९३४ मध्ये वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला, कुमारप्पा मगनवाडीत बसून कागद, तेलघाणी, गूळ अशा सगळ्या धंद्यांवर काम करत होते, त्याच वाऱ्यात पुण्यात के. बी. जोशींनी १९४० मध्ये हातकागदाचं केंद्र उभं केलं. आणि त्याच्याही खूप आधी कसब्यात कागदीपुरा होता, अजून त्या भागाला तेच नाव आहे, तिथले कागदी हे काम करायचे. जुन्नरचा कागद पेशवाईत प्रसिद्ध, दौलताबादचा त्याहून जुना, खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा गावच आहे. म्हणजे विश्रामबागवाडा १८०७ च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावाने बांधला तेव्हा त्याचे हिशेब ज्या जातीच्या कागदावर लिहिले गेले असतील त्याच जातीच्या कागदावर तुम्ही तो वाडा कोरलाय. एवढं तीन ओळीत लेबलवर लिहिलंत तर बोली वाढेल, लिहून ठेवा माझं.

---

बोरू

पेठकर, 'लिहिले गेले असतील' हे लेबलवर लिहायचं नाही हं, संग्रहालयाच्या कार्यक्रमात कोणीतरी पुरावा विचारणारा भेटतोच. हातकागद, सुती चिंध्या, संस्थेचं नाव आणि साल, पुरे.

कॉपीराइटचं सांगायचं राहिलं होतं. वस्तू विकली किंवा दान केली तरी कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, तो द्यायचा तर वेगळं लेखी आणि सही करून द्यावा लागतो, १९५७ चा कायदा आहे आपला. मुदत तुमच्या हयातीपर्यंत आणि पुढे ६० वर्षं. त्यामुळे कॅलेंडर, शुभेच्छापत्रं, मग काय असेल ते छापायला तुमची परवानगी लागते. म्हणून पत्रात एक वाक्य टाका की कार्यक्रमाच्या प्रसिद्धीसाठी फोटो वापरा, नाव द्या, बाकी छपाईसाठी आधी विचारा.

आणि नावाचा हक्क, कामाची मोडतोड न होण्याचा हक्क हा तर त्याहून पक्का. अमरनाथ सहगलांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेलं ब्रॉंझचं मोठं भित्तीशिल्प १९७९ मध्ये उपटून गोदामात टाकलं होतं. ते कोर्टात गेले, निकाल २००५ मध्ये लागला, ५ लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे उरलेले भाग परत. शिल्प सरकारने पैसे देऊन करून घेतलं होतं तरी. वेळ केवढा गेला ते सोडा.

---

आळशी_वाचक

फोटो टाका की आधी वाड्याचा! सगळे तिकडे कायद्यात शिरलेत.

---

कात्रीवाली

फोटो टाकते रविवारी, दिवसाच्या उजेडात नीट येतो.

तर काल त्या ताईंशी जाऊन बोलले. विचारताना जीभ जड झाली होती पण त्या उलट म्हणाल्या बरं झालं विचारलंत, आमच्या डोक्यात यातलं निम्मं आलंच नव्हतं. मग आम्ही दोघींनी बसून असं ठरवलं:

वाडा मी देत नाहीये. फुकट_नाही यांचं ते चार हजारांचं गणित डोक्यातून जाईना. त्याऐवजी तीन छोटे तुकडे करते, एकात नुसता सज्जा, एकात एक खांब, एकात दरवाजावरची नक्षी. आठ बाय दहाचे. छोटं असलं की जास्त लोकांना परवडतं आणि बोली लावायला हात वर होतात असं त्या पण म्हणाल्या. प्रत्येकाची राखीव किंमत मी सांगायची, त्याच्या खाली बोली थांबली तर तुकडा मला परत. फ्रेमचा खर्च ते वळता करून देणार आणि बाकी सगळं त्यांचं. निम्मे-निम्मे करूया असं त्या आपणहून म्हणाल्या, पण मला छपरासाठीच द्यायचेत, फ्रेमचे मिळाले की बास. फुकट_नाही, रागावू नका.

पत्रात बोरूकाकांनी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी घातल्या. ८०जी च्या घोषणेबद्दल त्यांना माहीतच नव्हतं, ऑडिटरला फोन लावणार आहेत.

एकच राहिलं, वाडा कधी संग्रहात घ्याल का असं मी घाबरत विचारलं, तर म्हणाल्या आत्ता खोलीच नाहीये, खोली झाली की अर्ज करा, समितीपुढे ठेवू. सासूबाईंना हे सांगितलं नाहीये, लगेच पत्रिका छापतील.

---

फुकट_नाही

राखीव किंमत ठेवलीत, फ्रेमचे पैसे मागून घेतलेत, उरलेलं स्वतः ठरवून देताय. रागवायचं कशाला? राखीव किंमत किती धरलीत ते इथे नका लिहू, व्यनि करा, सांगतो कमी आहे का ते. कमीच असणार.

---

कात्रीवाली

व्यनि केलाय.

कसरताई, तुम्हाला एक शेवटचं. त्या हॉलमध्ये वर मोठे हॅलोजन आहेत आणि कार्यक्रम चार तासांचा. तेवढ्याने काही होईल का कागदाला? आणि लिलावाच्या वस्तू जेवणाच्या हॉलमध्येच मांडणार आहेत, म्हणजे लोक जेवता जेवता बघतील.

---

कसर_नावाचा_किडा

चार तासांच्या उजेडाने फारसं काही होत नाही, फक्त हॅलोजनच्या अगदी खाली नको, गरम होतं. जेवणाची मात्र मला जास्त भीती आहे. पावभाजीचा तवा असेल तर त्याच्यापासून लांबची भिंत मागून घ्या, आणि फ्रेमच्या मागची फट कागदी टेपने बंद केलेली असू दे. चित्रं टेबलावर आडवी ठेवू देऊ नका, त्याच्यावर हमखास कोणीतरी ताटली ठेवतं.